चोर, शिपाई आणि चारबाग

(यंदाच्या उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. वक्ते रेल्वेच्या सिग्नल विभागात अभियंता आहेत. भाषणानंतरची दोन प्रश्नोत्तरेही शेवटी दिली आहेत.)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी ‘पकडापकडीचं गणित’ असं सांगितलं होतं. पत्रिकेत ते ‘पाठलागाचे गणितशास्त्र’ असं छापून आलं, त्यामुळे मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसत आहेत. हरकत नाही. मी डिप्लोमा केलेला माणूस, गणिताचा पंडित नव्हे. पण सिग्नलच्या कामात आयुष्य जाळ्यांच्या नकाशांवर जातं. कुठला रूळ कुठे मिळतो, कोणता काटा कुठे फिरतो, हेच दिवसभर बघायचं. म्हणून हा विषय हाती आला तेव्हा सुटला नाही.

विषय एका वाक्यात सांगतो. कागदावर काही ठिपके काढा, त्यांतले काही रेघांनी जोडा. एका ठिपक्यावर चोर आहे. शिपाई आणि चोर आळीपाळीने चालतात, एका वेळी एकच रेघ ओलांडायची, नको असेल तर जागीच थांबायचं. दोघांनाही एकमेक दिसतात. शिपाई चोराच्या ठिपक्यावर पोचला की खेळ संपला. प्रश्न एवढाच : त्या जाळ्यावर चोर नक्की सापडावा यासाठी कमीत कमी किती शिपाई लागतील?

या ठिपके-रेघांच्या जाळ्याला गणितात ग्राफ म्हणतात. शाळेतला आलेख तो वेगळा, त्याची भीती मनातून काढून टाका. हा खेळ गणितात तसा अलीकडचा. फ्रान्समध्ये क्विलियो यांनी १९७८ साली तो मांडला आणि १९८३ साली नोवाकोव्स्की आणि विंकलर यांनी स्वतंत्रपणे. पोरं मात्र हा खेळ त्याआधी कित्येक पिढ्या खेळत आली आहेत. खांबखांबोळी आठवा. वाड्याच्या ओसरीचे खांब म्हणजे ठिपके, दुसरं काय?

आता आपण जिथे बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. चारबाग. नवाबी काळात इथे बाग होती, तिचं नाव मोहल्ल्याला आणि मग स्टेशनला मिळालं. चारबाग हा मुळात बागेचा एक आराखडा आहे. चौकोनी जागा, मधून एकमेकांना छेदणाऱ्या दोन वाटा, आणि त्यामुळे झालेले चार वाफे. कडेनेही वाट. कागदावर काढा : चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि एक केंद्र. एकूण ९ ठिपके, १२ रेघा.

या बागेत एक माळी आणि एक आंबेचोर सोडा. माळी एकटा असेल तर चोर कधीच सापडत नाही. चोराने एकच वाफा धरायचा आणि माळ्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यावर राहायचं. माळी एक पाऊल सरकला की चोर एक पाऊल सरकतो. माळी त्या वाफ्यावर नसेल, पलीकडे फिरत असेल, तर बाग कागदासारखी मधोमध दुमडा आणि माळी आपल्या वाफ्याच्या कुठल्या कोपऱ्यावर येतो ते बघा. त्याच्या समोर राहायचं. असं संध्याकाळपर्यंत चालेल.

आता दोन माळी घ्या. पहिला जाऊन मधल्या ठिपक्यावर उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. झालं! मधल्या ठिपक्याला चारही बाजूंचे मध्य जोडलेले आहेत. त्यांपैकी एकावरही चोर थांबला की पुढच्या पावलात धरला जाईल. म्हणजे चोराला फक्त कोपरा उरतो, आणि कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन्ही वाटा त्या मध्यांवरच जातात. चोर कोपऱ्यात कैद. दुसरा माळी पान खात, सावकाश चालत शेजारी येतो. चोर थांबला तर हा धरतो, पळाला तर मधला धरतो.

मला या उदाहरणात सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की पळणाऱ्यापेक्षा उभा राहिलेला माणूस जास्त काम करतो. पगार मात्र पळणाऱ्याचा वाढतो, हे आमच्या खात्यातल्या मंडळींना सांगायला नको.

आता गाडीत चढू. आतून डब्याडब्यांना जोडलेली चालती गाडी म्हणजे गणिताच्या दृष्टीने एक सरळ रेघ. बिनतिकीट प्रवासी आणि टीटीई. टीटीई एका टोकाकडून निघाला की प्रवासी पुढेपुढे सरकतो आणि शेवटच्या डब्यात अडकतो. सरळ रेघेवर एक शिपाई पुरतो. फाटे फुटलेल्या झाडासारख्या जाळ्यावरही एकच पुरतो, कारण झाडात वळसा घालून मागे येता येत नाही. चोर ज्या फांदीत शिरला तिकडे चालत राहा, पानाशी पोचला की संपलं.

पण गाडी स्टेशनात थांबली की नकाशाच बदलतो. प्रवासी पुढच्या दारातून उतरला, फलाटावरून चालत मागे आला आणि तपासून झालेल्या डब्यात चढला. रेघेची दोन टोकं फलाटाने जोडली गेली, तिचं वर्तुळ झालं. चार किंवा अधिक ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटा शिपाई आयुष्यभर फिरला तरी चोर त्याच्या समोर राहणार. दोघे लागतात, एक इकडून आणि एक तिकडून. आमच्या टीटीई बंधूंना हे नोवाकोव्स्कींच्या आधीपासून माहीत आहे.

आणि स्टेशनभर करायची ती ‘किलाबंदी’. शब्द फार नेमका आहे. सगळे दरवाजे, पूल आणि जिने आधी धरायचे आणि मगच आत तपासणी सुरू करायची. यातला खर्च तपासणाऱ्यांचा कमी, उभं राहणाऱ्यांचा जास्त. एक जिना सुटला तर बाकीच्यांची सकाळ वाया. शिवाय दरवाजे धरलेले दिसले की काही महाभाग रुळांवर उड्या मारतात आणि यार्डातून पळतात. नकाशावर ती एक जादा रेघ, प्रत्यक्षात मात्र त्या रेघेवरून गाड्या येत असतात. दोनशे-चारशे रुपयांच्या दंडापायी माणूस पाय गमावतो. म्हणून ही असली रेघ आधी बंद करावी, म्हणजे यार्डाच्या बाजूला माणूस आधी उभा करावा, आणि दरवाजे नंतर धरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता आमच्या खात्याबद्दल. सिग्नलचं सगळं शास्त्र पाठलाग होऊ नये यासाठी आहे. पुढची गाडी आपल्या टापूतून बाहेर पडल्याशिवाय मागचीला आत सोडायचं नाही. अलीकडे ज्याचं नाव पेपरात येतं ते ‘कवच’ इथून पुढच्याच मानकनगर स्टेशनाजवळच्या आरडीएसओने विकसित केलं, आणि २०२० साली ते देशाची स्वयंचलित संरक्षण यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं. लखनौकरांनी या गोष्टीचा अभिमान बाळगायला हरकत नाही. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

मग कोणत्या जाळ्यावर एकच शिपाई पुरतो? याचं फार सुंदर उत्तर आहे आणि ते समजायला दहावीचंही गणित लागत नाही. चोर सापडण्याच्या आदल्या क्षणी काय स्थिती असते? चोर एका ठिपक्यावर आहे, शिपाई शेजारच्या ठिपक्यावर आहे, आणि चोर जिथे जिथे जाऊ शकतो ती प्रत्येक जागा शिपायाच्या हाताखाली आहे. म्हणजे चोराचा ठिपका हा शिपायाच्या ठिपक्याचा पूर्णपणे मिंधा आहे. असा मिंधा ठिपका नकाशात नसेलच, तर एकटा शिपाई कधीच जिंकणार नाही. असेल तर तो खोडून टाका. उरलेल्या नकाशात पुन्हा मिंधा ठिपका शोधा, तोही खोडा. असं सोलत सोलत शेवटी एकच ठिपका उरला, तर त्या नकाशावर एक शिपाई नक्की जिंकतो. मध्येच सोलणं अडलं, तर नक्की हरतो. कांद्यासारखं काम आहे.

घरी करून बघायला एक उदाहरण देतो. वाघ-बकरीचा पट. आपल्याकडे गावोगावी देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी फरशीवर असे पट कोरलेले सापडतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुन्या खेळांचे नमुने बघायला मिळतात. या खेळाचे पट निरनिराळे असतात. मी नेपाळातला घेतो, त्याला तिथे बागचाल म्हणतात. पाच बाय पाच, म्हणजे २५ ठिपके, ४ वाघ आणि २० बकऱ्या. आडव्या-उभ्या रेघांखेरीज त्यात तिरप्या रेघाही असतात. नीट पाहिलं तर आपल्या चारबागेसारख्या चार बागा शेजारीशेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीच्या केंद्रातून कोपऱ्यांकडे तिरप्या वाटा काढल्या, की हा पट तयार होतो.

उड्या मारून बकरी खाण्याचा नियम सोडून द्या. फक्त एक वाघ आणि एक बकरी, एका वेळी एक घर. वाघ बकरीला पकडेल का? सोलून बघू. कोपऱ्याच्या ठिपक्याला तीन शेजारी आहेत : कडेचे दोन आणि तिरपा एक. तो तिरपा शेजारी म्हणजे लहान बागेचं केंद्र, आणि ते कडेच्या दोघांनाही जोडलेलं आहे. म्हणजे कोपरा मिंधा. चारही कोपरे खोडले. आता कोपऱ्यालगतचे कडेचे आठ ठिपके : प्रत्येकाला कडेचा एक आणि आतलं केंद्र असे दोनच शेजारी उरले आणि ते दोघे एकमेकांना तिरपे जोडलेले. तेही मिंधे, खोडले. मग बाजूंचे चार मध्य : त्यांचे उरलेले तिन्ही शेजारी सरळ आतल्या ठिपक्याच्या हाताखाली आहेत. खोडले. राहिले आतले ९, आणि त्यांच्या मधला ठिपका बाकीच्या आठांनाही जोडलेला आहे. संपलं. एका वाघाने बकरी नक्की सापडते.

आता त्याच पटावरच्या तिरप्या रेघा पुसा. एकही ठिपका मिंधा राहत नाही, सोलण्याची सुरुवातच होत नाही. एकट्या वाघाला बकरी कधीच मिळणार नाही. रस्ते वाढवले की पळणाऱ्याची सोय होते असं आपल्याला वाटतं. इथे उलट झालं, तिरप्या वाटांनी शिपायाची सोय केली. शहराचे नकाशे काढणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा.

आपलं स्टेशन वरून पाहिलं तर पटावर बुद्धिबळाच्या सोंगट्या मांडल्यासारखं दिसतं, असं लखनौचा प्रत्येक गाइड सांगतो. प्रेमचंदांच्या खिलाड्यांचं हे शहर, तेव्हा बुद्धिबळाचंही सांगून टाकतो. दोघेही राजाच्या चालीने चालत असतील तर एक राजा दुसऱ्याला पकडतो, वाघासारखाच. दोघेही हत्तीच्या चालीने चालले तर एकटा हत्ती दुसऱ्याला पकडू शकत नाही, पण दोन हत्ती पकडतात. एकाने चोराची आडवी ओळ धरायची आणि दुसऱ्याने उभी. चोर कुठेही सरकला तरी एका ओळीत राहतोच.

आता आपल्या मातीतला खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. टीव्हीवर सामना पाहताना पुष्कळ हिंदी भाषक शेजाऱ्यांनी मला विचारलं की हे बाकीचे जण बसून का असतात?

तेच तर मर्म आहे. मोकळ्या मैदानात सारख्याच वेगाच्या पळणाऱ्याला एकटा पाठलाग करणारा पकडू शकत नाही. त्यातून खो-खोत पाठलाग करणाऱ्याचे हात बांधलेले : मधली पाटी ओलांडायची नाही, खांबाला वळसा घातल्याशिवाय दिशा बदलायची नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निघून जातो. मग तो सापडतो कसा? खो दिल्याने. पाठलाग करणारा थकला, चुकीच्या बाजूला राहिला, की त्याने बसलेल्याला खो द्यायचा, आणि पाठलागच क्षणात पाटीच्या पलीकडे उडी मारून जातो. पळणारा साखळी करत असो की रिंगणात फिरत असो, त्याची नजर पळत्या शिपायावर कमी आणि बसलेल्या आठांवर जास्त असते.

गणितात हा प्रकार अलीकडे अभ्यासला गेला आहे. शिपाई कितीही असोत, एका वेळी एकानेच हलायचं. त्यांना तिथे ‘आळशी शिपाई’ म्हणतात. आपल्या खेळाडूंना हे नाव आवडणार नाही!

शिपाई किती लागतील याला काही वरची मर्यादा आहे का? इथे १९८४ चा एक निकाल आहे, आयग्नर आणि फ्रोम या दोघांचा. नकाशा सपाट कागदावर काढता येत असेल आणि ठिपका सोडून कुठेही रेघ रेघेवरून जात नसेल, तर तो कितीही मोठा असो, ३ शिपाई पुरतात. लाख चौकांचं शहर असलं तरी तीनच. युक्ती अशी की दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता एक शिपाई एकटा सांभाळू शकतो. थोडा वेळ दिला की तो त्या रस्त्यावर अशी जागा पकडतो की चोराने रस्त्यावर पाय टाकताच धरला जातो. म्हणजे एक माणूस एक भिंत झाला. दोघांनी दोन भिंती घातल्या की चोर मधल्या तुकड्यात सापडतो, तिसरा त्या तुकड्यात नवी भिंत घालतो, त्यामुळे आधीच्या दोघांतला एक मोकळा होतो. तुकडा लहान लहान होत जातो. वर सांगितलेल्या आळशी शिपायांना मात्र ही सवलत नाही. सपाट असूनही तीन आळशी पुरत नाहीत असा नकाशा बनवून दाखवलेला आहे.

पण चारबाग सपाट कुठे आहे? पादचारी पूल आहेत आणि २०१७ पासून डोक्यावर मेट्रोही आहे. रेघेवरून रेघ गेली की तीनची हमी संपते. तरी आकडा सैराट वाढत नाही. श्रोडर यांनी २००१ साली दाखवलं की पुलांच्या संख्येची दीडपट करून त्यात तीन मिळवले, की तेवढे शिपाई खात्रीने पुरतात. दोन पूल असतील तर सहा. बहुधा कमीच लागतील. अगदी कोणत्याही नकाशासाठी नेमका आकडा काय, याबद्दल मेनियेल यांचा १९८५ चा अंदाज आहे की तो ठिपक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या आसपासच राहतो. तो अंदाज अजून सिद्धही झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही. बारावीतली मंडळी ऐकत आहेत ना?

इतका वेळ चोर दिसत होता. आता न दिसणाऱ्याकडे वळू. त्याआधी इतिहासातली दोन माणसं, दोघेही आपली आणि दोघेही या मुलखात वावरलेली.

तात्या टोपे, मूळचे येवल्याचे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यानंतर सुमारे दहा महिने ते राजपुताना आणि माळव्यात फिरत होते. रॉबर्ट्स, मिचेल, पार्क अशा अनेकांच्या तुकड्या वेगवेगळ्या दिशांनी त्यांच्या मागे होत्या. नकाशात रेघा थोड्या होत्या, कारण मध्ये चंबळ, बेटवा, नर्मदा अशा नद्या. पावसाळ्यात उतार बंद झाला की रेघ पुसली जायची, पाणी ओसरलं की परत उमटायची. ऑक्टोबर १८५८ अखेर त्यांनी नर्मदा ओलांडली तेव्हा दक्षिणेत खळबळ उडाली. इंग्रजांकडे तारयंत्र होतं, म्हणजे शिपायांना चोर कुठे आहे ते कळत होतं. क्षमा करा, इथे चोर हा शब्द मी खेळातला वापरतो आहे. एवढं असूनही तात्या पाठलागाने सापडले नाहीत. ७ एप्रिल १८५९ ला पाडोणच्या जंगलात मानसिंगाच्या विश्वासघाताने ते पकडले गेले, आणि १८ एप्रिलला शिवपुरीला फाशी गेले. गणितात फितुरीला जागा नाही, एवढाच त्याचा दोष.

दुसरे नानासाहेब पेशवे. बिठूर इथून फार लांब नाही. ते १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत शिरले आणि नकाशावरून दिसेनासे झाले. पुढे वर्षानुवर्षे नाना म्हणून माणसं पकडली गेली, एकही नाना ठरला नाही. पळणारा दिसतो का, हा प्रश्न शिपायांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

न दिसणाऱ्याच्या शोधाचं गणितही एका खऱ्या अडचणीतून आलं. अमेरिकेत गुहांमध्ये भटकणाऱ्यांपैकी ब्राइश यांनी १९६७ साली प्रश्न मांडला : अंधाऱ्या गुहेत माणूस हरवला आहे, घाबरून इकडेतिकडे फिरतो आहे, तर तो नक्की सापडेल असा शोध किती जणांत घेता येईल? १९७६ साली पार्सन्स यांनी त्याचं गणित केलं. यात असं धरतात की हरवलेला माणूस दिसत नाही, हवा तितका वेगाने फिरू शकतो, आणि नेमका आपण नसू तिथे जातो. म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता.

सरळ भुयाराला एक शोधणारा पुरतो. तीन भुयारं एका चौकात मिळत असतील तर एकटा पुरत नाही. पहिलं तपासून तो दुसऱ्यात शिरला की तिसऱ्यातला माणूस तपासलेल्या पहिल्यात येऊन बसतो. दोघे हवेत : एक चौकात बसेल आणि दुसरा एकेक भुयार तपासून येईल. अशा तीन तिवाट्या एका मोठ्या चौकात मिळाल्या तर तिघे. पुन्हा तशा तीन मिळाल्या तर चौघे. फाटे तिपटीने वाढतात तेव्हा माणूस एकाने वाढतो, ही दिलासा देणारी गोष्ट. गाडीतल्या संडासाची गोष्टही हीच. सरळ रेघेला फुटलेला छोटा फाटा. एकाने मार्गात थांबल्याशिवाय दुसऱ्याने दार ठोठावण्यात अर्थ नाही.

आणखी एक निकाल लापॉ या विदुषींचा, १९९३ साली छापून आलेला. तपासून झालेली जागा पुन्हा हातची जाऊ देण्याने काहीही वाचत नाही. जितक्या माणसांत शोध लागू शकतो, तितक्याच माणसांत असा क्रम नक्की लावता येतो की एकदा तपासलेली जागा कायम तपासलेलीच राहील.

मंडळी, मी हे सगळं सांगतो आहे ते विसर्जनाच्या दिवसासाठी. दर वर्षी गर्दीत एखादं लेकरू हात सोडून जातं. मोठ्या स्टेशनावर तर ही रोजचीच गोष्ट आहे. हरवलेल्या आणि घरातून निघून आलेल्या मुलांसाठी रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ मोहीम चालते, ती उगीच नाही. मूल हरवलं की आपण काय करतो? दहा स्वयंसेवक दहा दिशांना नाव पुकारत पळतात. प्रत्येक जण आपण उभे होतो ती जागा मोकळी सोडतो. मूलही रडत फिरत असतं. ज्या गल्लीतून आपण आत्ताच आलो, तिच्यात ते आपल्या पाठीमागून शिरतं.

म्हणून यंदा माझी सूचना अशी, आणि कार्यकारिणीने ती मान्य केली आहे. मूल दिसत नाही असं कळताच पहिली माणसं शोधायला जाणार नाहीत. ती पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आणि मांडवाच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहतील. पाण्याची वाट सगळ्यात आधी, तिथे काठावर दोघे. ज्यांना उभं केलं आहे त्यांनी दुसरीकडे मूल दिसल्याची हाक आली तरी जागा सोडायची नाही. आई जिथे हात सुटला तिथेच थांबेल, कारण मूल बहुधा तिथे परत यायला बघतं. त्यानंतर दोघादोघांच्या जोड्या एका टोकाकडून शोध सुरू करतील : गल्ली आली की एक तोंडाशी, एक आत. तपासलेला भाग पाठीमागे, न तपासलेला समोर. मिरवणूक ही सरळ रेघच असते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना एकेक जबाबदार माणूस सुरुवातीपासून असेल. लाउडस्पीकरवरून मुलाचं नाव सांगायचं नाही, फक्त कपड्यांचा रंग सांगायचा. नाव ऐकून भलताच माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो. पहिल्याच फेरीत मूल मिळालं नाही तर १०९८ या बाल हेल्पलाइनला आणि जवळच्या पोलिसांना लगेच कळवायचं, आपलं शोधणं संपेपर्यंत थांबायचं नाही.

उभं राहायला कोण तयार आहे याची यादी आज करायची आहे. पळायला सगळे तयार असतात, उभं राहायला ज्येष्ठ मंडळींनी नावं द्यावीत ही विनंती. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळेल, पण जागा सुटता कामा नये.

गणपतीबाप्पा मोरया!

प्रश्न (एका भगिनीचा) : पळणारा शिपायाच्या दुप्पट वेगाने पळत असेल तर चारबागेत मधला माळी पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. चोर एका दमात दोन रेघा ओलांडत असेल तर तो एका कोपऱ्यातून निघून मध्यावर न थांबता पुढच्या कोपऱ्यात पोचेल आणि मधला माळी बघत राहील. कोपऱ्यात कैद होण्याचं सगळं गणित सारख्या वेगावर उभं आहे. म्हणून मुलाच्या शोधात मी वेग धरलाच नाही, ते कितीही वेगाने जाईल असं समजूनच वाटा बंद करायच्या.

प्रश्न (इयत्ता सातवीतल्या मुलाचा) : काका, मला चोर व्हायचं असेल तर कुठला नकाशा घेऊ?

उत्तर : मोठा पंचकोन काढ. आत एक पाच टोकांची चांदणी काढ. पंचकोनाचा प्रत्येक कोपरा समोरच्या चांदणीच्या टोकाला जोड. चांदणीच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपके धरायचे नाहीत, फक्त टोकं धरायची. १० ठिपके, १५ रेघा. याला पीटरसनची आकृती म्हणतात. यात प्रत्येक ठिपक्यातून तीन वाटा निघतात, आणि तू जिथे आहेस तिथल्या तीन वाटांपैकी एका वेळी एकच वाट एक शिपाई अडवू शकतो, कारण या आकृतीत तीन किंवा चार ठिपक्यांचा वळसाच नाही. शिपाई दोन असतील तर एक वाट तुला कायम मोकळी. तिसरा शिपाई आला की मात्र संपलास. याहून कमी ठिपक्यांचा असा नकाशा नाही. मांडवाच्या मागे फरशीवर खडूने ही आकृती काढून ठेवली आहे, बाटल्यांची झाकणंही आहेत. आरतीपर्यंत कोणा दोघांनी चोर पकडून दाखवावा.